ग्लायडरला छोटी जेट इंजिने बसवून हवाई कसरती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या विमानविद्या मंडळाकडे छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड आणि परभणी येथून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे आहेत, काही त्यांच्या धास्तावलेल्या पालकांचे आहेत, आणि एक-दोन प्रश्न जत्रा समितीच्या पदाधिकाऱ्यांचेही आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा लिहिण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंजिन बसवल्यावर ग्लायडर हा ग्लायडर राहतोच कसा?

ग्लायडरची ओळख त्याच्या लांब, अरुंद पंखांत आणि हवेचा अत्यंत कमी विरोध होईल अशा घडणीत असते. इंजिन नसणे हा त्या घडणीचा परिणाम आहे, व्याख्या नव्हे. इंजिन असलेले ग्लायडर दोन प्रकारचे असतात. एकात इंजिन केवळ उंची टिकवण्यापुरते असते, म्हणजे ग्लायडर विंचने (जमिनीवरून दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) किंवा दुसऱ्या विमानाने ओढून वर न्यावा लागतो आणि वर गेल्यावर गरज पडली तर इंजिन चालू करतात. दुसऱ्यात तो स्वतःच्या बळावर धावपट्टीवरून उठतो. हवाई कसरतींसाठी दुसरा प्रकार अर्थातच सोयीचा, परंतु त्याला लागणारा रेटा, म्हणजे पुढे ढकलणारे बळ, किती वाढतो हे प्रश्न ४ मध्ये पाहावे.

२. मग जेटच का? छोटे पेट्रोल इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) का नाही?

इंधनाचा हिशेब पाहिला तर पंखाच बरा. जेट इंजिन थोडी हवा फार वेगाने मागे फेकते, आणि हळू उडणाऱ्या विमानासाठी ही पद्धत उधळपट्टीची आहे. नेदरलँड्समधील ए.एम.टी. कंपनीच्या ऑलिंपस या छोट्या इंजिनाचे उदाहरण घेऊ. त्यातून सेकंदाला सुमारे ४५० ग्रॅम हवा जाते आणि सुमारे २३० न्यूटन (साधारण २३ किलो वजन उचलण्याइतका) रेटा मिळतो, म्हणजे झोताचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास येतो. ग्लायडर मात्र सेकंदाला ३० मीटरने चाललेला असतो. या दोन वेगांच्या गुणोत्तरावरून हिशेब केला, तर झोतातील ऊर्जेपैकी जेमतेम ११ टक्के ऊर्जा ग्लायडर पुढे ढकलण्याच्या कामी येते. उरलेली मागे हवेत विरून जाते.

असे असूनही जेट निवडतात, याची कारणे वेगळी आहेत. पंखा बसवायचा तर मोठे पाते, ते उंच धरणारा खांब आणि ते सगळे मिटवून पोटात घेण्याची यंत्रणा लागते, आणि बंद पडलेला पंखा हवेत ब्रेकसारखा काम करतो. जेट इंजिन दोन हातांत मावते, त्याचा थरथराट जवळजवळ नसतो, आणि बंद असतानाही ते फारसे आड येत नाही. शिवाय एअर शो हा शेवटी प्रेक्षकांसाठी असतो. एरवी निःशब्द असणारा पांढरा ग्लायडर शिटीसारखा आवाज करत डोक्यावरून वर झेपावला, की पेपर वाचत बसलेला माणूससुद्धा मान वर करतो.

३. हा प्रयोग कोणी आणि कधी केला? ही नवीन कल्पना आहे का?

कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील फूगा कंपनीने आपल्या सी.एम.८ या कसरतीच्या ग्लायडरच्या पाठीवर टर्बोमेका कंपनीचे पिमेने हे छोटे जेट इंजिन बसवले, आणि तो ग्लायडर १४ जुलै १९४९ रोजी प्रथम उडाला. त्याचे शेपूट इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे होते, त्यामुळे इंजिनाचा तप्त झोत दोन पाकळ्यांच्या मधून निघून जाई. याच धाग्यातून पुढे फूगा मॅजिस्टर हे प्रसिद्ध प्रशिक्षण विमान घडले, आणि त्याचेही शेपूट व्ही आकाराचेच राहिले.

१९७० च्या दशकात इटलीतील काप्रोनी व्हिझोला कंपनीने ए-२१ एस.जे. हा शेजारी-शेजारी दोन आसनांचा ग्लायडर केला. त्यात मायक्रोटर्बो टी.आर.एस. १८ हे इंजिन धडाच्या आत होते. एअर शोच्या दृष्टीने सर्वांत जास्त नाव झाले ते अमेरिकेतील बॉब कार्लटन यांचे. त्यांनी आधी सायलेंट या छोट्या ग्लायडरवर दोन छोटी इंजिने लावली, आणि नंतर १३.६ मीटर पंखविस्ताराच्या जर्मन साल्टो ग्लायडरवर चेक प्रजासत्ताकातील पी.बी.एस. कंपनीचे टी.जे. १०० हे एकच मोठे इंजिन बसवले. साल्टोचे शेपूटही व्ही आकाराचे आहे. या योगायोगाचा फायदा प्रश्न ६ मध्ये कळेल.

४. नेमका किती रेटा लागतो?

हा सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त वेळा चुकीचा सोडवला जाणारा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वैमानिक, इंधन आणि इंजिनांसह ४५० किलोचा ग्लायडर घेऊ. त्याचे वजन सुमारे ४४०० न्यूटन झाले. त्याचा ग्लाइड रेशो ३० असेल, म्हणजे एक मीटर खाली येताना तो ३० मीटर पुढे जात असेल, तर सपाट उडण्यासाठी त्याला वजनाच्या तिसाव्या हिश्शाइतका, म्हणजे सुमारे १४७ न्यूटन रेटा पुरतो. हा आकडा पाहून विद्यार्थी हरखून जातात: १४७ न्यूटन म्हणजे १५ किलो वजन उचलण्याइतके बळ! त्यांना वाटते, दोन ऑलिंपस इंजिने लावली की ४६० न्यूटन मिळतात, म्हणजे तिप्पट झाले, मग चिंता कसली?

चिंता चढण्याची आणि उठण्याची आहे. ४६० मधून १४७ वजा केल्यावर ३१३ न्यूटन उरतात, आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने उडताना एवढ्या शिल्लक रेट्याने ग्लायडर सेकंदाला जेमतेम २ मीटर चढतो. हजार मीटर उंची गाठायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. प्रेक्षक तेवढ्यात चहा पिऊन परत येतात.

आता गंमत पाहा. त्याच ग्लायडरवर ११०० न्यूटन रेट्याचे एक टी.जे. १०० लावले, तर शिल्लक रेटा सुमारे ९५० न्यूटन होतो आणि चढ सेकंदाला ६ मीटर होतो. हजार मीटर तीन मिनिटांच्या आत. मोठे इंजिन दर मिनिटाला जास्त इंधन पिते, परंतु वेळ इतका कमी लागतो की हजार मीटर चढण्यासाठी त्याला सुमारे ७ लिटर पुरतात, तर दोन छोटी इंजिने त्याच कामाला सुमारे १३ लिटर घेतात. लहान इंजिन म्हणजे काटकसर, हा समज येथे साफ उलटा पडतो. दोन छोटी इंजिने वापरायचीच असतील तर माझे मत असे आहे की ग्लायडर विमानाने ओढून वर न्यावा आणि इंजिने फक्त कसरतींच्या मधल्या काळात गमावलेली उंची परत मिळवण्यासाठी ठेवावीत.

५. हे आकडे मराठवाड्यात मे महिन्यात लागू होतात का?

नाही, आणि हा फरक किरकोळ नाही. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. सावलीत ४२ अंश तापमान असताना तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण घनतेच्या सुमारे ८५ टक्के असते. म्हणजे ग्लायडर आणि इंजिन या दोघांच्या दृष्टीने आपण सुमारे १७०० मीटर उंचीच्या डोंगरावरून उड्डाण करत असतो. विरळ हवेत इंजिनाचा रेटा घटतो, आणि पंखांना तीच उचल मिळवण्यासाठी जास्त वेग लागतो. दोन्हीकडून मार बसतो.

प्रश्न ४ मधीलच दोन छोट्या इंजिनांचा ग्लायडर घ्या. थंड हवेत, समुद्रसपाटीवर, डांबरी धावपट्टीवर तो माझ्या हिशेबाने ४७० मीटरच्या आसपास धावून उठेल. चिकलठाण्यात मे महिन्याच्या दुपारी त्याला सुमारे ७५० मीटर लागतील. गवताच्या मैदानावर चाकाचा विरोध इतका वाढतो, की त्या दुपारी तो हलेल, धावेल, परंतु मैदान संपेपर्यंत उठणार नाही. सकाळी सातची वेळ किंवा डिसेंबर-जानेवारी हे मुहूर्त त्यासाठीच बरे.

६. इंजिने नेमकी कुठे बसवतात?

बहुधा पंखांच्या मागे, धडाच्या वर, आखूड खांबावर. धडाखाली लावली तर उतरताना धूळ आणि खडे आत जातात, आणि ग्लायडर जमिनीला इतका चिकटून असतो की खाली जागाही नसते. पंखांवर लावली तर एक बंद पडल्यावर ग्लायडर एका बाजूला वळतो.

वर बसवण्याची किंमत वेगळी आहे. रेट्याची रेषा गुरुत्वमध्याच्या वरून जाते, त्यामुळे इंजिन चालू असताना नाक खाली दाबले जाते. ४६० न्यूटन रेटा गुरुत्वमध्यापासून ७० सेंटिमीटर वर असेल, तर तो परिणाम चार मीटर मागे असलेले शेपूट सुमारे आठ किलोच्या बळाने वर उचलल्यासारखा असतो. वैमानिक तो दांडी मागे ओढून सांभाळतो. इंजिन अचानक बंद पडले की हाच दाब नाहीसा होतो आणि नाक एकदम वर उठते. जमिनीपासून ५० मीटरवर कमी वेगात असे झाले तर वैमानिकाला नाक तत्काळ खाली घ्यावे लागते. ही गोष्ट पहिल्या उड्डाणाआधी पुरेशा उंचीवर करून पाहायची असते.

दुसरा मुद्दा झोताचा. बहुतेक आधुनिक ग्लायडरांचे आडवे शेपूट उभ्या शेपटाच्या टोकावर बसवलेले असते, आणि पाठीवरच्या इंजिनाचा झोत नेमका त्या उभ्या शेपटावर जातो. त्यामुळे दोन इंजिने असली तर त्यांची मागची तोंडे किंचित बाहेर वळवतात. व्ही आकाराच्या शेपटाला हा त्रास कमी, कारण मधली जागा मोकळीच असते.

७. काचतंतूचा (फायबरग्लासचा) ग्लायडर त्या उष्णतेने वितळणार नाही का?

वितळत नाही, परंतु मऊ पडू शकतो, आणि तेच जास्त धोक्याचे आहे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. छोट्या जेट इंजिनाच्या मागच्या तोंडाशी वायूचे तापमान ६०० ते ७०० अंशांपर्यंत असते. ग्लायडरमध्ये काचतंतू एकत्र धरून ठेवणारे इपॉक्सी रेझिन मात्र साधारण ७०-८० अंशांच्या आसपासच आपला कडकपणा सोडू लागते, आणि ग्लायडरच्या रचनेची मजबुती सहसा ५४ अंशांपर्यंत गृहीत धरलेली असते. ग्लायडर पांढरेच का असतात, या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे.

मागील उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर काचतंतूचे दोन तुकडे ठेवले होते, एक पांढऱ्या रंगाचा आणि एक गडद निळा. दुपारी दोन वाजता पांढऱ्यावर तळहात टेकवून बसता येत होते. निळ्यावरून हात झटकन उचलावा लागला, आणि कोपऱ्यावर ठेवलेल्या विटेच्या वजनाने तो तुकडा संध्याकाळपर्यंत किंचित वाकलेला होता. त्याला एकही इंजिन लावलेले नव्हते, केवळ मराठवाड्याचे ऊन होते. त्यामुळे प्रायोजकांचे गडद रंगाचे मोठे बोधचिन्ह पंखावर रंगवण्याची मागणी आली, की ती मी नम्रपणे नाकारतो.

झोतासाठी उपाय साधे आहेत. तोंडे वळवणे, खांबाची उंची वाढवणे, धडाच्या वरच्या भागावर पातळ स्टीलचा पत्रा हवेची फट ठेवून बसवणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तापमान दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या शेपटावर जागोजागी लावणे. या पट्ट्यांवरचा ठिपका ठरावीक तापमानाला कायमचा काळा होतो, त्यामुळे उतरल्यावर हवेत काय झाले ते वाचता येते. ग्लायडर जमिनीवर जागेवर उभा असताना पूर्ण रेटा देऊ नये, कारण वारा नसल्यामुळे उष्णता तेथेच साचते.

८. एवढ्याशा इंजिनात असते तरी काय?

पुढे हवा दाबणारे एक चाक, मध्ये कड्याच्या आकाराचा ज्वलनकक्ष, मागे झोताने फिरणारे दुसरे चाक, आणि दोघांना जोडणारा एकच दांडा. ऑलिंपसचा दांडा मिनिटाला १,०८,५०० फेऱ्यांपर्यंत फिरतो. आठ सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला एक लाख फेऱ्यांनी फिरते, तेव्हा त्याची कड सेकंदाला ४१९ मीटर वेगाने धावत असते, म्हणजे ध्वनीपेक्षाही वेगाने. ते तुटले तर तुकडे बाजूला उडतात, म्हणून चाकाच्या पातळीत, म्हणजे इंजिनाच्या बरोबर बाजूला, चाचणीच्या वेळी कोणीही उभे राहू नये.

९. इंजिन सुरू कसे करतात? सुरू होताना ज्वाला येते हे खरे का?

पुढच्या टोकाला बसवलेली छोटी विद्युत मोटर दांडा फिरवते, तापलेली तार किंवा ठिणगी इंधन पेटवते, आणि वेग पुरेसा झाला की मोटर सुटते. हे सगळे संगणकीय नियंत्रक करतो. वैमानिकाला एकच कळ दाबावी लागते. बंद केल्यावरही मोटर काही काळ दांडा फिरवून आतली उष्णता बाहेर काढते, कारण तसे केले नाही तर बेअरिंगमधले तेल जळते.

ज्वाला बहुधा बॅटरी कमकुवत असल्यामुळे येते. वाळूजच्या एका शेडमध्ये आमच्या चाचणी बाकावर हे घडले होते. आदल्या रात्री बॅटरी भारित करण्याचे काम माझ्याकडे होते आणि मी ते विसरलो होतो. मोटर रडतखडत फिरली, पंपाने मात्र नेहमीइतके इंधन दिले, ते आत साचले, आणि मग हातभर लांब पिवळी जीभ मागून बाहेर आली. नियंत्रकाने इंधन तोडले, आम्ही कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक पुढच्या तोंडातून मारला, इंजिन वाचले. मागच्या चाकाची पाती मात्र निळसर झाली होती, म्हणून ते चाक आम्ही बदलले. भुकटीचा अग्निशामक वापरला असता तर आग विझली असती आणि इंजिनही गेले असते.

१०. रेशनचे रॉकेल चालेल का? डिझेल चालेल का?

रेशनचे निळे रॉकेल वापरू नका. ते सवलतीचे, घरगुती वापरासाठी राखलेले इंधन असल्यामुळे त्याचा असा वापर बेकायदा आहे, आणि त्याच्या शुद्धतेची खात्रीही नसते. विमानाचे जेट इंधन, म्हणजे ए.टी.एफ., हाच योग्य मार्ग. अनेक छोट्या इंजिनांत बेअरिंगला वेगळे वंगण नसते, त्यामुळे इंधनातच सुमारे ५ टक्क्यांपर्यंत टर्बाइन तेल मिसळावे लागते. प्रमाण उत्पादक सांगेल तेच ठेवावे. काही इंजिने डिझेलवर चालतात, पण धूर आणि काजळी वाढते.

एक इशारा मात्र आपल्या भागासाठी वेगळा दिला पाहिजे. जेट इंधनाचा ज्वलनबिंदू किमान ३८ अंश असतो, म्हणजे त्याखाली त्याची वाफ सहसा पेट घेण्याइतकी दाट होत नाही, आणि त्यामुळेच ते पेट्रोलपेक्षा सुरक्षित समजले जाते. ही सुरक्षितता थंड देशांतली आहे. नांदेडला एप्रिलच्या दुपारी सावलीतले तापमानच ३८ च्या पुढे असते, आणि उन्हात ठेवलेल्या डब्याचे तर विचारूच नका. त्यामुळे उन्हाळ्यात ते पेट्रोल समजूनच हाताळावे: डबा सावलीत ठेवावा, ग्लायडर व डबा तारेने जोडून भूसंपर्क द्यावा, आणि जवळ कोणाच्याही खिशात आगपेटी नसावी.

११. टाकी एकदा भरली की किती वेळ उडता येते?

दोन ऑलिंपस इंजिने पूर्ण रेट्यावर मिळून मिनिटाला सुमारे १.६ लिटर इंधन घेतात, म्हणजे २० लिटरची टाकी साधारण १२ मिनिटांत रिकामी होते. पूर्ण प्रयोग आठ-दहा मिनिटांचा असतो आणि इंजिने त्यातला निम्मा वेळच पूर्ण जोरावर असतात, त्यामुळे हे पुरते.

१२. उलटे उडताना इंजिन बंद पडत नाही का?

नीट व्यवस्था नसेल तर पडते. उलट्या अवस्थेत टाकीतले इंधन छताकडे जाते, नळीच्या तोंडाशी हवा येते, आणि एवढ्या छोट्या इंजिनाला हवेचा एक बुडबुडाही विझवायला पुरतो. त्यावर दोन उपाय एकत्र करतात: टाकीत वजन लावलेली लवचीक नळी, जी इंधनाच्या मागे मागे जाते, आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये कायम पूर्ण भरलेली छोटी उपटाकी. तरीही अनुभवी वैमानिक लांब उलटे उड्डाण इंजिन मंद गतीवर ठेवून करतात.

येथे आणखी एक गोष्ट कळली पाहिजे. मंद गतीवरून पूर्ण रेटा मिळायला या इंजिनांना काही सेकंद लागतात. मोटारसायकलचा कान पिळावा तसा रेटा लगेच येत नाही. म्हणून जमिनीजवळची कोणतीही कसरत इंजिनाच्या भरवशावर आखत नाहीत; ती उंची आणि वेग यांच्या शिलकीवर आखतात. प्रश्न १५ पाहावा.

१३. दोनपैकी एक इंजिन बंद पडले तर?

दोन्ही इंजिने एकमेकांच्या अगदी जवळ असल्यामुळे ग्लायडर एका बाजूला फारसा ओढला जात नाही; सुकाणूवर पायाचा थोडा दाब पुरतो. मात्र चढ जवळजवळ नाहीसा होतो. दोन्ही बंद पडली तर तो पुन्हा ग्लायडर होतो, आणि ते त्याचे मूळ कामच आहे.

१४. जेट लावल्यावर तो किती वेगाने जाईल? लढाऊ विमानासारखा?

नाही. वेगाची मर्यादा इंजिन ठरवत नाही, ग्लायडरची रचना ठरवते. कसरतीच्या ग्लायडरांची कमाल मर्यादा ताशी २५० ते २९० किलोमीटरच्या आसपास असते, आणि ती ओलांडली की पंख किंवा शेपूट फडफडून तुटण्याचा धोका असतो. इंजिन लावल्याने ही मर्यादा वाढत नाही. उलट सपाट उड्डाणातही तिच्याजवळ पोहोचणे सोपे होते, म्हणून वैमानिकाला वेगमापकाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. युरोपीय नियमांत कसरतीच्या ग्लायडरसाठी किमान अधिक ७ आणि उणे ५ जी (म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सात पट सुलटा आणि पाच पट उलटा भार) एवढी ताकद मागितली जाते. तुम्ही इंजिन आणि इंधन वाढवले म्हणजे वजन वाढले, आणि ही ताकद त्या प्रमाणात नव्याने तपासावी लागते.

१५. प्रत्यक्ष प्रयोगात वैमानिक काय करतो?

साध्या ग्लायडरचा प्रयोग वरून खाली येत जातो: हजार-बाराशे मीटरवर सुटायचे, प्रत्येक कोलांटीबरोबर उंची खर्च करायची, आणि शेवटी धावपट्टीवरून वेगाने एक फेरी मारून उतरायचे. जेट लावलेला ग्लायडर मध्येच उंची परत कमावतो. काही वैमानिक पहिला भाग इंजिनासह करतात, मग वर जाऊन इंजिन बंद करतात, आणि शेवटचा भाग पूर्ण शांततेत करतात. पंखांवरून जाणाऱ्या वाऱ्याचा सळसळाट तेवढाच ऐकू येतो. माझ्या मते प्रेक्षकांच्या लक्षात राहतो तो हाच भाग.

शेवटची खालची फेरी कशी शक्य होते, ते हिशेबाने पाहू. ताशी २०० किलोमीटर वेगात साठलेली ऊर्जा १५७ मीटर उंचीइतकी असते. वर गेल्यावर उडत राहण्यासाठी ताशी ९० किलोमीटर तरी वेग हवा, त्यासाठी सुमारे ३२ मीटर बाजूला काढा. हवेचा विरोध जाऊन शंभरेक मीटर उंची पुन्हा हाती येते, आणि अर्धा वळसा घेऊन उतरायला ती पुरते. इंजिन त्या क्षणी बंद असले तरी चालते.

१६. धूर कसा सोडतात?

तप्त झोतात पातळ खनिज तेल फवारतात. त्याची वाफ होते आणि बाहेरच्या हवेत थंड होऊन पांढरे धुके बनते. उदगीर-देगलूरकडच्या वाचकांनी बीदरच्या हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाचा सराव पाहिला असेल. तेथेही धुरासाठी तेलच झोतात सोडतात, मात्र ती हॉक ही पूर्ण आकाराची जेट विमाने आहेत. ग्लायडरवर फवारणीची नळी शेपटापासून दूर संपली पाहिजे, नाहीतर तेलाचा थर बसून शेपूट काळपट होते, आणि काळपट शेपूट उन्हात काय करते ते प्रश्न ७ मध्ये आहेच.

१७. आपल्याकडची धूळ, काळी माती आणि घारी यांचे काय?

धूळ हा छोट्या जेटचा खरा शत्रू आहे. आत जाणाऱ्या हवेच्या तोंडावर बारीक जाळी लावतातच, परंतु कापसाचे तंतू आणि वाळलेल्या गवताचे तुकडे त्या जाळीवर चिकटून हवा अडवतात, म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी ती बोटाने चाचपून पाहावी. काळ्या मातीचे मैदान पावसाळ्यात चाकाला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की त्यात ग्लायडरचे एकुलते एक चाक अडकू शकते. घारींवर उपाय नाही. ग्लायडर आणि घार दोघेही गरम हवेचा एकच झोत शोधत असतात.

१८. आमच्या गावच्या यात्रेत असा प्रयोग ठेवता येईल का?

सरळ उत्तर: तुम्हाला वाटते तसा नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी, हवाई वाहतूक नियंत्रणाशी समन्वय, जिल्हा प्रशासन व पोलीस यांची संमती, अग्निशमन आणि रुग्णवाहिका, एवढे सगळे लागते. त्याआधी त्या ग्लायडरमधील बदलालाच उड्डाणयोग्यतेची मान्यता असावी लागते. घरी इंजिन बसवलेला ग्लायडर आपोआप कायदेशीर होत नाही. भारतात १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू आहे.

यात्रेतील अडचण कायद्याहून मोठी आहे. २८ ऑगस्ट १९८८ रोजी जर्मनीतील रामस्टाइन येथे कसरत करणारी विमाने एकमेकांवर आदळली आणि त्यातले एक प्रेक्षकांत कोसळले; ७० जणांचा बळी गेला. त्यानंतर अनेक देशांनी गर्दीच्या दिशेने कसरत करण्यावर बंधने कडक केली. यात्रेत गर्दी चारही बाजूंनी असते, झाडांवर आणि ट्रॅक्टरच्या टपावरही असते, त्यामुळे गर्दी नसलेली दिशाच शिल्लक राहत नाही.

१९. हे शिकायचे कोठून? थेट जेट ग्लायडर शिकता येतो का?

थेट नाही. आधी साधा ग्लायडर, मग हवाई कसरती, मग इंजिन. महाराष्ट्रात पुण्याच्या हडपसरचे ग्लायडिंग केंद्र हे ओळखीचे ठिकाण आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी दूरनियंत्रित मॉडेल ग्लायडरवर छोटे जेट बसवून सुरुवात करावी; येथे सांगितलेल्या जवळजवळ सर्व चुका त्यावर स्वस्तात करता येतात. मात्र मॉडेललाही ड्रोन नियम २०२१ लागू असतात, आणि विमानतळाच्या परिसरात ते उडवण्याआधी नकाशावरील लाल व पिवळे क्षेत्र पाहणे बंधनकारक आहे.

२०. इंजिन बाहेर आले, सुरूही होत नाही आणि आतही जात नाही, तर काय करावे?

हा प्रश्न एका लातूरकर विद्यार्थ्याने विचारला, आणि या यादीतला सर्वांत जाणता प्रश्न हाच आहे. काही ग्लायडरांत इंजिन मिटणाऱ्या खांबावर असते आणि गरज पडली की पोटातून बाहेर येते. तो खांब वर अडकून राहिला, की तो हवेला अडवतो आणि ग्लायडरचा ग्लाइड रेशो घसरतो. पंख्याच्या खांबापेक्षा जेटचा खांब कमी अडवतो, परंतु नुकसान होतेच. वैमानिकाने मनात ३० ऐवजी २० धरून आखणी करावी, आणि इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न अशाच उंचीवर करावा, जेथून या घसरलेल्या आकड्यानेही धावपट्टी गाठता येईल. इंजिन सुरू होईल असे गृहीत धरून शेतावर उतरण्याचा विचार पुढे ढकलत राहणे ही सर्वांत वाईट सवय आहे. आमच्या तपासणी यादीत ४०० मीटरची रेघ आखलेली आहे: त्याखाली कळीला हात लावायचा नाही, कापणी झालेले ज्वारीचे रान शोधायचे, आणि वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरायचे.